उल पासो

उल पासो (मृत्यू इ.स. 203) हा प्राचीन कोरियातल्या गोगुर्यो राज्याचा गुक्सांग, म्हणजे मुख्य प्रधान. 191 मध्ये गोगुकचॉन राजाने त्याला नेमलं. माहितीचा जवळपास सगळा भार किम बुसिकच्या 'साम्गुक सागी' या कोरियन इतिहासग्रंथावर (1145) आहे, म्हणजे साडेनऊशे वर्षांनी झालेल्या संकलनावर, त्यामुळे सालं जरा हात राखूनच घ्यावीत. त्यात त्याला गोगुर्योच्याच युरी राजाचा मंत्री उल सो याचा नातू म्हटलंय, पण युरीची कारकीर्द इ.स. 18 ला संपते, मधली पावणेदोनशे वर्षं बघता वंशज म्हणणंच बरं.

नेमणुकीमागे एक बंड आहे. राणीचे नातेवाईक ओबीर्यु आणि ज्वागार्यो सत्तेत बसले होते, त्यांची पोरं लोकांच्या मुली, शेतं, घरं बळकवायला लागली, राजा भडकला तसं त्यांनी बंड करून 191 मध्ये थेट राजधानीवर चाल केली. ते मोडल्यावर राजाने राज्यातल्या चार विभागांना लायक माणसं सुचवायला सांगितली. सगळ्यांनी आन र्युचं नाव दिलं, पण तो म्हणाला मी नको, अम्नोक (यालू) नदीच्या खोऱ्यात ज्वामुल गावी उल पासो आहे, त्याला कुणी विचारत नाही म्हणून शेती करून पोट भरतो. राजाने बोलावून जे पद देऊ केलं ते आधी बंडखोर ओबीर्युकडे होतं. उल पासोला ते कमी वाटलं, पण सरळ तसं न म्हणता, मी मंद घोडा, दुसरा कुणी शहाणा बघून त्याला मोठं पद द्या असं नम्रपणे सुचवलं. राजाच्या लक्षात आलं आणि थेट गुक्सांग केलं. जुने सरदार अर्थातच खवळले, तेव्हा गुक्सांगचं न ऐकणाऱ्याचं कुळ संपवीन असा राजाने दम भरला.

गुक्सांग हे पदही वादाचंच. 166 मध्ये डावा आणि उजवा अशी दोन मंत्रिपदं एकत्र करून ते झालं आणि पहिला गुक्सांग म्योंगनिम दाप्पु, असं कोरियन परंपरा सांगते. पण तिसऱ्या शतकातल्या चिनी 'सानगुओ झी'मधल्या गोगुर्योच्या पदांच्या यादीत गुक्सांग नाहीच, 'सांगा' आहे. दोन्ही एकच असावीत असं काही अभ्यासक म्हणतात, ते पटण्यासारखं आहे. त्याच चिनी ग्रंथातल्या राजवंशक्रमात गोगुकचॉनला वेगळी जागा सापडत नाही, म्हणून काहींना हा राजाच शंकास्पद वाटतो, पण तेवढ्यावरून अख्खी कारकीर्द खोडणं घाईचं होईल.

उल पासोचं नाव आज घेतलं जातं ते जिन्देबॉपमुळे, म्हणजे धान्य उसनं देण्याच्या कायद्यामुळे. 194 मध्ये शिकारीला निघालेल्या राजाला रस्त्यात एक माणूस रडताना दिसला, मजुरी करून आईला पोसायचा पण त्या साली पीक बुडालं आणि काम मिळेना. राजाने कपडे-अन्न दिलं आणि कायमचा नियम केला: दरवर्षी तिसऱ्या ते सातव्या महिन्यात सरकारी कोठारातलं धान्य घरातली माणसं बघून उसनं द्यायचं, दहाव्या महिन्यात परत घ्यायचं. आपल्याकडच्या खावटी कर्जासारखंच. गंमत म्हणजे या नोंदीत उल पासोचं नाव कुठेही नाही, तेव्हा गुक्सांग तोच होता म्हणून श्रेय त्याला जातं. सरदारांच्या कर्जात अडकून लोक गुलाम होऊ नयेत हाही हेतू असावा, असा अर्थ बरेच इतिहासकार लावतात. पुढे कोरियातल्याच जोसोन राजघराण्याच्या काळातली ह्वानगोक ही धान्यकर्जाची पद्धत याच धर्तीची, पण तिथे व्याजाने लोकांचीच पिळवणूक झाली.

197 मध्ये गोगुकचॉन वारला, राणीच्या पाठिंब्याने धाकटा भाऊ सानसांग गादीवर आला. उल पासो पदावर कायम राहिला, पण या वर्षांबद्दल नोंदी फारच त्रोटक. 203 मध्ये तो वारला, लोक रडले असं 'साम्गुक सागी' सांगते, आणि गो उरु गुक्सांग झाला.