डबमधला प्रतिध्वनी कुठे थांबतो?

‘अ‍ॅनालॉगची ऊब’, म्हणजे डिजिटलच्या आधीच्या यंत्रांचा उबदार आवाज, विकणाऱ्या जाहिराती हल्ली फार दिसतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलमुळे रेगे या जमैकन संगीताचा बास, म्हणजे सर्वांत खालचे सूर, भरदार होतो, असंही छातीठोकपणे सांगतात. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. रेगेत, आणि तयार गाण्यातले आवाज काढून-घालून, प्रतिध्वनी मिसळून बनणाऱ्या त्याच्या ‘डब’ या प्रकारात, जुन्या यंत्रांची ऐकू येणारी करामत चक्क मोजता येते. तिचं नाव हेडरूम.

मिक्सरमध्ये, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र करणाऱ्या स्टुडिओतल्या यंत्रात, आवाज म्हणजे वरखाली होणारा व्होल्टेज. त्याची नेहमीची पातळी १.२३ व्होल्ट (आरएमएस, म्हणजे लाटेच्या माथ्याचं नव्हे, एक प्रकारच्या सरासरीचं माप). सर्किटला अधिक-उणे १५ व्होल्टचा पुरवठा असेल, तर याच मापानं साधारण साडेनऊ व्होल्टच्या पुढे सिग्नल जात नाही, लाटांचे माथे छाटले जातात. मधली सुमारे ८ पटींची, म्हणजे १८ डेसिबलची मोकळीक ही हेडरूम.

रेगेत ती मुख्यतः बास खातो. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्‌झचा. इतक्या खालच्या सुरांना आपला कान मंद असल्यामुळे ते गायकाच्या बरोबरीनं ऐकू यायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतो.

किंग टबी, म्हणजे ऑसबोर्न रडॉक, हा जमैकातल्या किंग्स्टनचा विजेची उपकरणं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं डायनॅमिक स्टुडिओचा एमसीआय कंपनीचा जुना मिक्सर घेतला. त्यावरच्या हाय-पास फिल्टरचा, म्हणजे खालचे सूर अडवणाऱ्या सर्किटचा, खटका फिरवून तो चालू गाण्यातून बास काढून घ्यायचा. ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकायची. सर्किटमध्ये मात्र त्याच क्षणी बरीच हेडरूम मोकळी व्हायची आणि तिथे प्रतिध्वनी शिरायचा.

हा प्रतिध्वनी मला सर्वांत प्रिय! टेप-एकोचा, म्हणजे टेपवर नोंदवलेला आवाज जरा वेळानं परत ऐकवणाऱ्या यंत्राचा, आवाज मिक्सरवर येतो आणि त्याचा काही भाग पुन्हा एकोकडे पाठवला जातो. प्रत्येक फेरीत तो ०.८ पट होत असेल तर विरून जातो. १.१ पट होत असेल तर २२ फेऱ्यांत ८ पटींवर जाऊन हेडरूम संपायला हवी. गुणाकार तर अनंताकडे निघालेला, मग आवाज वाढायचा थांबतो कसा? टेपवरचे चुंबकीय कण जसजसे एका दिशेला वळून बसतात, तसतशी टेप वाढत्या सिग्नलला कमी दाद देते. १.१ चा गुणक १.०५ होतो, मग १.०१, आणि नेमका १ वर टेकतो. आवाज त्याहून वाढला तर गुणक १ च्या खाली जातो, घटला तर वर येतो. आवाजाची पातळी वाढताना गुणक घटत असल्यामुळे हा समतोल स्थिर राहतो. गणितात याला स्थिर सीमाचक्र म्हणतात. शिवाय दर फेरीत मूळ सुराच्या ३ पट, ५ पट कंप्रतेचे सूर मिसळतात आणि टेप वरचे सूर गिळत जाते. म्हणून ते शेपूट गडद, दाट होत जातं.

संगणकावरही हे साधतं. मात्र सॅच्युरेशन, म्हणजे टेपसारखं वाढत्या सिग्नलला कमी दाद देणं, फीडबॅकच्या लूपच्या, म्हणजे आवाज परत फिरवणाऱ्या चक्राच्या, आतच ठेवायला हवं. बाहेर ठेवलं तर फेरीचा गुणक १.१ च राहतो आणि आतला आकडा फुगतच जातो.