घरातून फराळ-मसाल्याचा धंदा: ठाणे, नवी मुंबईत कोणते कागद आधी करावेत

कोपरखैरणे असो की वर्तकनगर, गणपतीत मोदकांच्या आणि दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घेणारी एखादी तरी बाई बहुतेक सोसायट्यांत सापडते. हाताला चव असते, गिऱ्हाईक जोडलेलं असतं, आणि अडतं ते बँकेत. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचं चालू खातं उघडताना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार व्यवसायाचे सहसा दोन पुरावे मागतात. ते दोन्ही घरबसल्या काढता येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

पहिला पुरावा उद्यम नोंदणीचा, म्हणजे केंद्र सरकारकडे होणाऱ्या लहान उद्योगांच्या ऑनलाइन नोंदणीचा. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाईल हाताशी ठेवा. कागद अपलोड करावे लागत नाहीत, शुल्कही नाही. पैसे मागणारी खासगी संकेतस्थळं अगदी सरकारी दिसतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, एवढं नक्की पाहा. अर्जात खरी काळजी व्यवसायाचा प्रकार निवडताना घ्यायची. वाशीच्या मार्केटमधून मिरची-धणे आणून तुम्ही मसाला कुटता, तर ते 'उत्पादन' आहे. घाईत 'व्यापार' निवडला, तर उद्यमचा लाभ प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच उरतो, म्हणजे बँकांनी ज्या क्षेत्रांना ठरावीक वाटा द्यायचाच असतो त्या कर्जापुरता. पापड, लोणची, फराळ असं सगळं करत असाल तरी नोंदणी एकच. सगळी कामं तिच्यातच दाखवता येतात.

दुसरा कागद म्हणजे गुमास्ता, दुकान-व्यवसायाची सरकारदरबारी नोंद. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार घरच्या एक-दोन माणसांच्या कामाला पूर्ण नोंदणी लागत नाही. काम सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. मुंबईत हे काम महापालिका पाहते, आपल्याकडे राज्याचा कामगार विभाग. तेव्हा पालिकेच्या विभाग कार्यालयात हेलपाटे घालू नका. आधार, पॅन, फोटो, वीजबिल आणि व्यवसायाच्या नावाच्या मराठी पाटीचा फोटो तयार ठेवा. घर भाड्याचं असेल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतीपत्रही जवळ असू द्या.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी हवीच, ऑर्डरी फक्त ओळखीतल्या असल्या तरी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' संकेतस्थळावर फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा देऊन अर्ज होतो. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो, म्हणून लेबलं त्याआधी छापून घेऊ नका.

राज्यातल्या राज्यात फक्त माल विकत असाल, तर साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. भांडवलासाठी मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण मिळतं. मोठं घरघंटी यंत्र घ्यायचं असेल तर दुकानदाराचं दरपत्रक अर्जाला जोडा.

माझ्या जावेचं काम दीड महिना रखडलं ते पत्त्यामुळे. आधारवर नौपाड्याचं जुनं घर, वीजबिल घणसोलीचं, आणि पॅनवर माहेरचं नाव. प्रत्येक अर्ज परत यायचा. वाईट वाटायचं ते तिच्या चिकाटीकडे पाहून. रात्री बेसन भाजून ती सकाळी रांगेत उभी राहायची. तुमच्या आधार, पॅन आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरनअक्षर जुळतंय का, ते आजच तपासा. जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या आणि मगच उद्यमचा अर्ज उघडा.