तार घुमत असताना पेडल: पेडल स्टील गिटारच्या थोर वादनामागची पार्श्वभूमी

तारांवरून धातूची पट्टी सरकवून वाजवायच्या स्टील गिटारला पायाने दाबायची पेडलं बसवली गेली ती सूर वाकवण्यासाठी नव्हे. वाजवता वाजवता एका ट्यूनिंगमधून (तारा ज्या सुरांना लावल्या आहेत त्या मांडणीतून) दुसऱ्यात जाता यावं, एवढीच गरज होती. पेडल दाबायचं, मग तार छेडायची, असा क्रम होता. तो क्रम 1953 मध्ये एका वादकाने उलटा केला: आधी तार छेडली आणि ती घुमत असतानाच पेडल दाबलं. कंट्री, जॅझ, चर्चचं संगीत, नायजेरियातलं जुजू, अँबियंट अशा वेगवेगळ्या प्रकारांत या वाद्यावर जे मोठं काम झालं, त्याचं मूळ त्या उलटलेल्या क्रमात आहे.

सुरुवात हवाईची. गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवण्याच्या पद्धतीचं श्रेय सर्वसाधारणपणे ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूला दिलं जातं. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा. 1915 मध्ये सान फ्रान्सिस्कोला भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनाने लोकांना वेड लावलं आणि हे वादन अमेरिकाभर पसरलं. आवाज कमी पडू लागला तसं धातूचं रेझोनेटर गिटार आलं. पुढे 1932 मध्ये रिकनबॅकरचं ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आलं. विकायला आलेल्या पहिल्या विद्युत गिटारांपैकी हे एक, आणि ते मांडीवर ठेवून वाजवायचं स्टील होतं ही गोष्ट बरेचदा विसरली जाते. 1935 मध्ये बॉब डनने टेक्सासच्या वेस्टर्न स्विंगमध्ये (कंट्री आणि जॅझच्या मिश्रणातल्या नाचाच्या संगीतात) विद्युत स्टील रेकॉर्ड केलं. ट्रॉम्बोनसारखे तुटक, ठसक्याचे फ्रेझ तो त्यातून काढत असे.

अडचण मात्र वाद्याच्या भूमितीत होती. सरळ पट्टी सगळ्या तारा एकाच ठिकाणी दाबते, त्यामुळे ट्यूनिंगमध्ये जो कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा संच) असेल तोच वरखाली सरकतो. मेजरला लावलेल्या तारांवर पूर्ण मायनर कॉर्ड सापडत नाही. पट्टी तिरकी धरली तर दोन तारांपुरतं भागतं. तीन तारांवर तिरकस पट्टी घेतली की मधली तार हमखास बेसूर होते, कारण वर जाताना पडद्यांमधलं अंतर कमी होत जातं आणि तिरकेपणा प्रत्येक ठिकाणी वेगळा लागतो. दुसरा उपाय म्हणून लोकांनी वाद्याच्या माना (तारा ताणलेल्या लांब फळ्या) वाढवल्या. दोन, तीन, कधी चार माना, प्रत्येकीवर आठ तारा, प्रत्येकीचं ट्यूनिंग निराळं. वजन वाढलं, हात सतत एका मानेवरून दुसरीवर उड्या मारू लागला.

पेडलं आली ती या कोंडीतून सुटायला. 1940 च्या सुमारास गिब्सनचा इलेक्ट्राहार्प आला. अल्व्हिनो रेसारख्या वादकाने तो ऑर्केस्ट्रात वापरला. 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल बिग्जबीने स्पीडी वेस्टसाठी पेडलवालं वाद्य घडवलं. वेस्टचं वादन अफाट वेगाचं आणि धडाकेबाज. पण त्याचा आत्मा पट्टीत होता, पायात नव्हता.

पाय बोलू लागला तो बड आयझॅक्सचा. नोव्हेंबर 1953 मध्ये नॅशव्हिलला वेब पिअर्सचं ‘स्लोली’ हे गाणं रेकॉर्ड झालं, 1954 मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात आयझॅक्सने घुमत्या कॉर्डखाली पेडल दाबलं. कॉर्डमधले दोन सूर चढले, बाकीचे होते तिथेच राहिले. मींड घेताना गायकाचा एकच सूर सरकतो. पट्टी सरकवली तर सगळे सूर मिळून सरकतात. इथे एक सूर स्थिर आणि त्याच्याच अंगावरून दुसरा चढतोय, असं काहीतरी ऐकू आलं. देशभरचे स्टीलवादक आपल्या वाद्यांना पेडलं जोडण्याच्या मागे लागले. काहींनी घरीच सळ्या आणि तारांनी जुगाड केलं.

आयझॅक्सचं एक पेडल दोन्ही सूर एकदम चढवायचं. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बडी एमन्सने ते काम दोन पेडलांमध्ये वाटलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण E9 या आजच्या कंट्रीच्या नेहमीच्या ट्यूनिंगचा सगळा डोलारा यावर उभा आहे. E ला षड्ज माना. A पेडल पंचमाला धैवतापर्यंत चढवतं (B चा C#), B पेडल गांधाराला मध्यमापर्यंत (G# चा A). दोन्ही दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, म्हणजे पट्टी जागची न हलवता पहिल्या सुरावरच्या (षड्जाच्या) कॉर्डवरून चौथ्या सुरावरच्या (मध्यमाच्या) कॉर्डवर पोहोचता येतं. नुसतं A दाबलं की सा-ग-ध, म्हणजे सहाव्या सुरावरचा (धैवताचा) मायनर कॉर्ड. नुसतं B दाबलं की सस्पेन्शन (अधांतरी वाटणारा कॉर्ड), आणि पाय हळू सोडला की त्याची उकल. C पेडल षड्जाला ऋषभावर आणि पंचमाला धैवतावर नेतं. यात गुडघ्याचे लिव्हर मिळवा: एक षड्ज अर्ध्या स्वराने चढवतो, दुसरा उतरवतो. एकच E मेजर मग मोकळ्या तारांवर मिळतो, तिसऱ्या पडद्यावर A पेडल आणि चढवणाऱ्या लिव्हरसह मिळतो, सातव्यावर A आणि B सह मिळतो, बाराव्यावर पुन्हा मोकळा. चांगला वादक या चार जागांमधून चालत जातो आणि ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचा भासही होत नाही.

1962 मध्ये एमन्सने दोन तारा आणखी घातल्या, F# आणि D#. त्या सर्वांत वर असल्या तरी सुराने तिसऱ्या तारेच्या खाली आहेत. स्वरांच्या ओळीतली भोकं त्यांनी बुजवली आणि पट्टी न हलवता सुरावट वाजवणं शक्य झालं. तेव्हापासून E9 दहा तारांचं: F#, D#, G#, E, B, G#, F#, E, D, B. पेडलांचा क्रम मात्र आजही दोन प्रकारचा. एमन्स पद्धतीत डावीकडून A-B-C, जिमी डे या दुसऱ्या वादकाच्या पद्धतीत C-B-A. एकीवर घोटा बसलेल्या माणसाला दुसरीवर बसवलं तर तो पहिल्याच कॉर्डला चुकतो.

तिसऱ्या तारेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळ्यांत जास्त तुटते ती हीच. जाडी 0.011 किंवा 0.012 इंच, वाद्याची लांबी साधारण 24 इंच, मोकळा सूर G#, म्हणजे सुमारे 415 हर्ट्‌झ. B पेडल दाबताच ती 440 वर जाते. एका गाण्यात हे अनेकदा घडतं. चेंजर म्हणजे तारांचा ताण बदलणारी यंत्रणा; तिच्या फिंगरवरून (तार टेकते त्या धातूच्या तुकड्यावरून) तार जिथे वळते तिथे पुन्हा पुन्हा वाकून धातू थकतो आणि ती तिथेच तुटते. त्याच जागी तार वारंवार तुटत असेल तर नवी तार लावून भागत नाही. फिंगरवर खाच पडलेली असते, ती घासून गुळगुळीत करावी लागते. दुसरा दोष आतला: पेडल दाबल्यावर ताण वाढून वाद्याची चौकट किंचित वाकते आणि ज्या तारांना हात लावलेला नाही त्याही काही सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतात. यालाच कॅबिनेट ड्रॉप म्हणतात. म्हणून ट्यूनिंग करताना पेडलं दाबून आणि सोडून, दोन्ही अवस्थांत तपासावं लागतं. शिवाय गांधार ट्यूनरच्या शून्यावर लावला तर लांब घुमणाऱ्या कॉर्डमध्ये तो खरखरतो. शुद्ध गांधार समान विभागणीच्या, म्हणजे ट्यूनरच्या, गांधारापेक्षा जवळपास 14 सेंट उतरलेला असतो, आणि बरेच वादक तो त्याच बाजूला झुकता ठेवतात.

उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर असतो, आणि शिकाऊ वादक सर्वांत जास्त चुकतो तो इथे. तो पेडल पूर्ण उघडून वाजवतो, किंवा प्रत्येक सुराला पंप मारतो. खरं काम उलट आहे: सूर अर्ध्यावर सुरू करायचा आणि तो विझू लागला की हाताशी राखलेला आवाज हळूहळू सोडायचा. त्यामुळे सूर मरत नाही. लॉइड ग्रीन किंवा टॉम ब्रमली या कंट्री स्टीलवादकांचं वादन ऐकताना श्वास लांबल्यासारखा वाटतो तो याने. राल्फ मूनी याच्या अगदी दुसऱ्या टोकाला: कॅलिफोर्नियाच्या बेकर्सफील्ड बाजाचं टोकदार, उसळतं वादन.

रॉकने या वाद्यातलं वेगळंच उचललं. 1968 मध्ये द बर्ड्‌सने नॅशव्हिलला जाऊन ग्रीनला सोबत घेतलं. पुढच्याच वर्षी फ्लाइंग बरिटो ब्रदर्समध्ये स्नीकी पीट क्लाइनोने फेंडरचं आठ तारांचं वाद्य फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून वाजवलं, E9 सोडून B6 ट्यूनिंगमध्ये. त्यात कंट्रीचा गोडवा शोधायला जाऊ नये. पीट ड्रेकने 1964 मध्ये नळीतून आवाज तोंडात घेऊन स्टीलला शब्द बोलायला लावले होते; 1970 मध्ये तोच ड्रेक जॉर्ज हॅरिसनच्या अल्बमवर आहे. इंग्लंडमध्ये बी. जे. कोलने एल्टन जॉनच्या ‘टायनी डान्सर’वर वाजवलं, आणि नंतर इलेक्ट्रॉनिक संगीतातही तितक्याच सहजतेने वावरला.

जॅझला मागची मान लागते. दोन मानांच्या वाद्यावर दुसरी C6 ची असते, सा-ग-प-ध ची रचना, जाड आणि खालच्या सुरांची. कॉर्डला नववा, तेरावा सूर जोडणं इथे सोपं. एमन्सने 1963 मध्ये न्यू यॉर्कला जॅझ वादकांबरोबर पूर्ण अल्बम केला. हे वाद्य हॉर्नच्या शेजारी बसून सोलो घेऊ शकतं हे त्याने दाखवलं. कर्ली चॉकरचे C6 वरचे कॉर्ड ऐकले की मात्र वाटतं, या मानेची खरी श्रीमंती सोलोत नाही, कॉर्डच्या चालीत आहे.

सर्वांत स्वतंत्र परंपरा हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीय पेंटेकोस्टल (भावपूर्ण उपासनेवर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) चर्चची. 1930 च्या दशकात ट्रोमन ईसनने हवाईयन पद्धतीचं स्टील तिथे नेलं. त्याचा भाऊ विली ईसन लॅप स्टीलवर (मांडीवरच्या, बिनपेडलच्या स्टीलवर) प्रार्थनेच्या ओळी माणसासारख्या ‘म्हणायचा’. पेडलं पुढच्या पिढीत आली: कॅल्विन कुक, चक कॅम्पबेल, मग रॉबर्ट रँडॉल्फ. नॅशव्हिलचं वादन गायकाच्या मागे राहून रिकाम्या जागा भरतं. इथे स्टील स्वतःच मुख्य गायक असतं आणि सगळी सभा त्याला उत्तर देते. बाहेरच्या जगाला हे कळलं ते 1997 मध्ये अरहूली कंपनीने रेकॉर्डिंग काढल्यावर.

किंग सनी अडेने नायजेरियाच्या जुजूमध्ये स्टील आणलं. 1982 च्या त्याच्या अल्बमवर डेमोला अडेपोजूचं स्टील तालवाद्यांच्या जाळीवरून तरंगत जातं, कॉर्ड भरण्याच्या फंदात पडत नाही. 1983 मध्ये ब्रायन ईनोने अपोलो मोहिमांवरच्या चित्रपटासाठी संगीत केलं, त्यात डॅनियल लॅनोइसचं पेडल स्टील आहे. अंतराळवीरांनी सोबत कंट्रीच्या कॅसेट नेल्या होत्या, हा धागा ईनोने धरला. ताल काढून टाकला, राहिला तो फक्त लांबणारा सूर.

सुझन अल्कॉर्न टेक्सासच्या कंट्री बँडमध्ये वाजवत आली आणि मेसियां, पियाझोला या संगीतकारांच्या रचना आणि मुक्त इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं वादन) इथपर्यंत गेली. तिच्याकडे बारा तारा होत्या. चढणारा सूर अर्ध्या वाटेवर, दोन स्वरांच्या मधे, ती सोडून द्यायची. आयझॅक्सने पेडल दाबलं तेव्हा सूर कुठून निघून कुठे पोहोचणार हे ठरलेलं होतं. अल्कॉर्नच्या पायाखाली तो कुठेही थांबू शकत होता.