संचित रजा, अभिवचन रजा आणि शिक्षेतील सूट : अर्ज टंकायला देण्यापूर्वी नातेवाइकांनी वाचावयाचे माहितीपत्रक

कोल्हापुरातील कळंबा येथील मध्यवर्ती कारागृहात मुलाखत आटोपून आमच्या टंकलेखन व दस्तऐवज केंद्रात येणाऱ्या बहुतेक नातेवाइकांची एकच मागणी असते, ती म्हणजे अर्ज आजच्या आज टाइप करून मिळावा. आम्ही तो सहसा त्याच दिवशी देत नाही. जामीनदाराला, म्हणजे बंदी (कैदी) ठरल्या दिवशी परतेल याची हमी घेणाऱ्याला, आधी समक्ष घेऊन या असे सांगतो आणि त्यावरून बोलणीही खातो. हा आग्रह का, हे प्रत्येकाला नव्याने सांगण्यात आपला आणि आमचा दोघांचाही वेळ जातो, म्हणून हे पत्रक छापले आहे.

फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा हे आपणास ठाऊक असेलच; दोन्हींत बंद्याला शिक्षा चालू असताना ठरावीक दिवस घरी जाऊ दिले जाते. दोन्हींचा आधार १९५९ चे मुंबई फर्लो व पॅरोल नियम हा असून त्यांत नंतर वेळोवेळी बदल झालेले आहेत. संचित रजेसाठी कारण द्यावे लागत नाही. बंद्याचा घराशी संबंध टिकावा आणि सलग तुरुंगवासाचा दुष्परिणाम होऊ नये हाच तिचा हेतू आहे, आणि रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजेला मात्र जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजार, पत्नीचे बाळंतपण, पुरात किंवा आगीत घर पडणे असे ठोस कारण लागते आणि ते दिवस शिक्षेतून वजा होत नाहीत, म्हणजे तेवढी शिक्षा पुढे भोगावी लागते. त्यामुळे संचित रजेला पात्र असलेल्या बंद्यासाठी ओढूनताणून कारण शोधून अभिवचन रजेचा अर्ज करणे आम्हाला पटत नाही, आणि आम्ही तसे स्पष्ट सांगतो.

आता ज्या चुकीमुळे सर्वाधिक वेळ वाया जातो तिच्याकडे वळू. नातेवाइकांना वाटते की सारे काही अर्जातील भाषेवर अवलंबून आहे. प्रत्यक्षात कारागृह अधीक्षकांकडून अर्ज पुढे गेला की रजेवर आल्यावर बंदी जेथे राहणार आहे त्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल मागवला जातो, आणि प्रकरणाचा निकाल बहुतांशी त्या अहवालावर लागतो. हवालदार दारात उभा राहतो तेव्हा घरात कोण आहे, तो काय सांगतो आणि कशावर सही करतो, हे अर्जातील चार सुंदर परिच्छेदांपेक्षा महत्त्वाचे असते.

नेहमी घडते ते असे. अर्जात पत्ता आधार कार्डावरचा, म्हणजे शिरोळ तालुक्यातील गावचा, दिलेला असतो, पण घरची मंडळी यंत्रमागाच्या कामासाठी इचलकरंजीत भाड्याच्या खोलीत राहत असतात. पोलीस गावात जातात, घराला कुलूप असते, शेजारी सांगतो की इथे आता कोणी राहत नाही, आणि अहवालात ‘दिलेल्या पत्त्यावर नातेवाईक मिळून आले नाहीत’ असे वाक्य येते. मग आपण नवा पत्ता कळवता, तो दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असतो, कागद पुन्हा कारागृहाकडे आणि तेथून त्या ठाण्याकडे जातात. या फेऱ्यात कित्येक आठवडे सहज निघून जातात आणि ज्याच्या आजारासाठी रजा मागितली तो रुग्ण एव्हाना बरा होऊन घरी आलेला किंवा दगावलेला असतो.

जामीनदाराच्या बाबतीत याहून वाईट घडते. भावाचे नाव परस्पर लिहिले जाते, भाऊ कारखान्यावर पाळीला गेलेला असतो, आणि दारात आलेल्या पोलिसाला वहिनी घाबरून म्हणतात, ‘आम्हाला काही माहीत नाही, त्यांना इकडे आणू नका, पुन्हा भांडणं व्हायची.’ त्यांचा जबाब जसाच्या तसा नोंदवला जातो. नातेवाईकच बंद्याला स्वीकारायला तयार नाहीत असा अहवाल एकदा गेला की नंतर दिलेले प्रतिज्ञापत्र त्याच्यापुढे फिकेच पडते. म्हणून जामीनदार आमच्यासमोर बसल्याशिवाय आम्ही अर्ज टंकत नाही. बंदी ठरल्या दिवशी परतला नाही तर जामिनाची रक्कम जप्त होऊ शकते, हे त्यांना त्यांच्या घरच्यांदेखत सांगतो. सध्या राहत असलेल्या जागेचे वीजबिल किंवा भाडेकरार पाहतो, त्या जागेचे पोलीस ठाणे कोणते ते गल्लीच्या नावावरून अंदाजाने न ठरवता ठाण्यात विचारून घेतो, आणि जबाब वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नये असे बजावतो. हे ऐकून काही जामीनदार तेथेच माघार घेतात. ग्राहकांना त्या वेळी ते आवडत नाही, पण माघार आमच्या बाकावर घेतलेली बरी, पोलिसांसमोर नको.

फिर्यादीचे घर त्याच गल्लीत असेल तर ते आम्हाला पहिल्याच भेटीत सांगावे. पोलीस फिर्यादीचाही जबाब घेतात आणि तिकडून जिवाला धोका असल्याची हरकत आली तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता वाढते. अशा वेळी दुसऱ्या तालुक्यातील बहिणीचा किंवा मामाचा पत्ता, अर्थातच त्यांच्या संमतीने, दिलेला चांगला. केवळ मोघम भीतीच्या आधारे दिलेले नकार उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केले आहेत हे खरे. परंतु संचित रजा हा निरपवाद हक्क नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली याच १९५९ च्या नियमांखालील गुजरातमधील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय न्यायालयात जाऊन जिंकण्यापेक्षा नकारच न येणे केव्हाही स्वस्त पडते.

आजाराच्या दाखल्याबद्दल थोडक्यात. ओळखीच्या डॉक्टरकडून ‘शस्त्रक्रिया आवश्यक’ असे लिहून आणलेला कागद आम्ही जोडत नाही. पोलीस रुग्णालयात जाऊन खातरजमा करतात आणि दाखला खोटा निघाला तर पुढचे खरे अर्जही संशयाने पाहिले जातात. तसेच रजेवरून उशिरा परतणाऱ्याची मिळवलेली माफी, म्हणजे शिक्षेतून कमी झालेले दिवस, कापली जाते, गुन्हा नोंदवला जाऊ शकतो आणि पुढच्या रजेच्या प्रत्येक अर्जात तो उशीर समोर येतो. घरी लग्न दोन दिवसांवर असले तरी परतीची तारीख बदलत नाही.

शिक्षेत सूट मिळण्याविषयी विचारणारे बहुतेक जण ‘चौदा वर्षे झाली, आता सोडतील ना?’ असे विचारतात. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे नव्हे, आणि वीसही नव्हे. शासनाने सूट दिली नाही तर ती आयुष्यभराची शिक्षा आहे, हे गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच ठरवले. चौदा वर्षांचा आकडा येतो तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३अ मधून, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७५ म्हणून आहे. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली असेल तर प्रत्यक्ष चौदा वर्षे काढल्याखेरीज सोडता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ; ती किमान मर्यादा आहे, सुटकेची तारीख नाही. राज्य शासनाच्या १५ मार्च २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्ह्याच्या स्वरूपानुसार प्रवर्ग पाडलेले असून काही प्रवर्गांत हा कालावधी चौदाच्या बराच पुढे जातो. शिक्षा झाली त्या तारखेला जे धोरण होते ते लागू होते, आणि नंतरचे धोरण अधिक सवलतीचे असेल तर त्याचा लाभ मागता येतो, म्हणून निकालाची तारीख आम्हाला आधी लागते. निर्णय घेण्याचा अधिकार शिक्षा देणारे न्यायालय ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या शासनाला असतो, बंदी कोठेही असो. बिल्किस बानो प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये याच मुद्द्यावर दोषींना सोडण्याचा गुजरात शासनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, कारण खटला मुंबईत चालला होता. धोरण अस्तित्वात असेल तेथे बंद्याच्या अर्जाची वाट न पाहता शासनाने पात्र प्रकरणे विचारात घ्यावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२५ चा निर्देशही आहे. तरीही कारागृहातील नोंदी बरोबर आहेत की नाहीत ते आपण पाहिलेच पाहिजे.

कारण दिवस बहुतेकदा नोंदींतच हरवतात. खटला चालू असताना कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा व्हायला हवेत, पण अटक एका तारखेची आणि वॉरंटवर दुसरी असे प्रकार आढळतात. दोन खटल्यांतील शिक्षा एकत्र भोगायच्या की एकामागून एक, हे निकालपत्रात पाहावे लागते. दंड भरायचा राहिला असेल तर त्याबद्दलची जादा कैद मूळ शिक्षेनंतर सुरू होते. काही हजारांच्या दंडापायी महिनोन्महिने अधिक काढणारे बंदी आहेत आणि घरच्यांना ते ठाऊकही नसते. निकालपत्राची प्रत बंद्याला शिक्षेच्या वेळी विनामूल्य मिळालेली असते, ती मुलाखतीच्या वेळी मागून घ्यावी. ती हाती आली की तारखांचा तक्ता आम्ही करून देतो, आणि केवळ त्या तक्त्यासाठी येणाऱ्यांचेही स्वागत आहे.

आम्ही वकील नाही आणि न्यायालयात उभे राहत नाही. अर्ज फेटाळला गेला तर आदेशाची लेखी प्रत घ्यावी आणि अपील किंवा रिट याचिकेसाठी वकील आपणच निवडावा. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झाल्याने आपल्या सहा जिल्ह्यांतील लोकांची मुंबईची खेप वाचली आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही आम्ही प्रत्येकाला सांगतो. आमचे शुल्क कागदपत्रे तपासण्याचे व अर्ज तयार करण्याचे आहे. ते आधी सांगितले जाते आणि त्याची पावती मिळते. ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याशी आमचा संबंध नाही. येताना निकालपत्र, सध्याच्या राहत्या जागेचा पुरावा, आधीच्या रजांचे आदेश असल्यास ते आणि जामीनदार यांना सोबत आणल्यास अर्ज बहुधा दुसऱ्या दिवशी सहीसाठी तयार असतो.