भगवा फेटा काळा का दिसतो?

काळा पोशाख, काजळ भरलेले डोळे, मागे पडकी भिंत. अशा ‘डार्क विंटेज’ फोटोंसाठी बेळगावात जागांची वाण नाही. किल्ल्यातली कमल बस्ती आहे, कॅम्पातले जुने बंगले आहेत, जवळच राजहंसगड आहे. पुढचं काम फोनमधला फिल्टर करतो: उजेड उतरवतो, कडा काळवंडतो, वर पिवळट छटा चढवतो. मला हे फिल्टर फसवे वाटतात. जुन्या फोटोंतला काळोख असा सरसकट नव्हता. तो जागा निवडून बसायचा.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत घ्या. ईथर आणि अल्कोहोलमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळवून केलेलं चिकट कोलोडियन, त्यात आयोडाइड-ब्रोमाइडचे क्षार. हे मिश्रण काचेवर ओतून ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. काचेवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण तयार होतात. काच वाळायच्या आत फोटो काढून धुवावाही लागे, म्हणून छायाचित्रकार अंधारी राहुटी बरोबर घेऊन हिंडत.

हे कण प्रकाशाच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. छबी उमटायची तर यातल्या सिल्व्हर ब्रोमाइडमधून इलेक्ट्रॉन मोकळा व्हावा लागतो, आणि त्याला सुमारे २.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं एक अगदी छोटं माप) ऊर्जा लागते. निळ्या प्रकाशाच्या एका कणात ती साधारण २.७५ असते, तांबड्याच्या कणात जेमतेम १.९. मग तांबडा प्रकाश कितीही प्रखर असो, उपयोग शून्य. दहा रुपयांच्या तिकिटाला नऊच रुपये घेऊन शंभर जण आले, तरी कंडक्टर एकालाही तिकीट फाडून देत नाही, तसंच हे.

आता हा कॅमेरा खानापूरकडे न्या. तिथल्या तांबड्या मातीतलं आणि कौलांमधलं लोहाचं ऑक्साइड निळा प्रकाश गिळतं आणि तांबडा परत पाठवतं. काचेला त्यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे जांभ्याचं रान निपाणीकडच्या काळ्या रानासारखं उमटतं. कुंकू काळं, हळद काळपट, शिवजयंतीच्या मिरवणुकीतला भगवा फेटाही काळाच. निळं आभाळ मात्र अगदी फिकट, ढग त्यात हरवून जातात. त्वचेतलं मेलॅनिनही तांबड्यापेक्षा निळा प्रकाश जास्त शोषतं. एकोणिसाव्या शतकातल्या अशा फोटोंवरून आपल्या पणज्यांचा रंग ठरवायला जाऊ नका. त्या प्रत्यक्षात एवढ्या सावळ्या नसणार.

काळोखाचं आणखी एक कारण काचेच्या मागे असे. काचेवरची चांदीची छबी खरं तर पातळ निगेटिव्ह. तिच्यामागे काळं कापड किंवा काळा रंग दिला की चांदी उजळ भासते आणि निगेटिव्ह सरळ दिसू लागतं. पण ही चांदी मळकट साय धरल्यासारखी असते, त्यामुळे शुभ्र पांढरं कुठेच नाही.

१८७३ मध्ये हेरमान फोगेल यांनी या क्षारांना योग्य रंगद्रव्य दिलं तर हिरवा-पिवळा प्रकाशही टिपता येतो, हे दाखवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तांबडा टिपणाऱ्या काचाही बाजारात आल्या आणि ही जुनी नजर मागे पडली.

ती फोनवर हवी असेल, तर फोटो कृष्णधवल करून तांबडा, नारिंगी, पिवळा यांचे स्लायडर खाली ओढा आणि निळा वर न्या. बरंचसं साधतं, पण सगळं नाही: जुनी काच अतिनील किरणही टिपायची, फोन ते बहुतांशी गाळून टाकतो.

खरी ओली काच घरी करू नका. ईथर भडकतं, सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना घातक, आणि पूर्वी फोटो पक्का करायला चक्क पोटॅशियम सायनाइड वापरत. हौसच असेल तर जॉन हर्शेल यांचा १८४२चा सायनोटाइप, म्हणजे कागदावरचा निळा छाप, बरा. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं मिश्रण मंद उजेडात कागदावर फासायचं, वाळलं की वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून काचेने दाबायचं, उन्हात धरायचं आणि पाण्याने धुवायचं. मार्चचं ऊन यासाठी उत्तम. जुलैत जांबोटीकडे राहत असाल तर ढगाआडूनही जमेल, फक्त वेळ बराच जास्त द्या. धुताना पहिल्या पाण्यात थोडं लिंबू पिळा. धुण्याच्या सोड्याचा हात मात्र लागू देऊ नका, निळा रंग उडून जातो.