रीमेक कुठला, सिक्वेल कुठला: ‘लपाछपी’, ‘छोरी’ आणि ‘छोरी 2’

‘छोरी 2’ला मराठी ‘लपाछपी’ची सर नाही, असं म्हणताना अनेकांच्या डोक्यात रीमेक आणि सिक्वेल एक झालेले असतात. ‘लपाछपी’ हा मराठी भयपट 2017 साली थिएटरात आला. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनीच तो 2021 मध्ये हिंदीत ‘छोरी’ नावाने पुन्हा केला, तो रीमेक. एप्रिल 2025 मध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला ‘छोरी 2’ हा त्या ‘छोरी’चा पुढचा भाग. त्याला मराठी मूळ नाहीच.

रीमेकला गोष्ट आयती मिळते. नायिका नेहाची साक्षी झाली, पूजा सावंतच्या जागी नुसरत भरुचा आली. पण दिवस भरत आलेली बाई, पैशांसाठी मागे लागलेले गुंड, ड्रायव्हरच्या गावचं घर आणि भोवती ऊसच ऊस, हे सगळं जागच्या जागी राहिलं. फरक पडतो तो माणसांचा. ड्रायव्हरच्या बायकोच्या भूमिकेत ‘छोरी’तल्या मीता वशिष्ठ यांची भन्नो देवी करारी आहे, तरी माझं मत ‘लपाछपी’तल्या उषा नाईक यांच्या पारड्यात. त्यांची तुळसाबाई मायेने विचारपूस करते, तेव्हाच पोटात गोळा येतो.

सिक्वेलला असलं काही आयतं मिळत नाही. उलट पहिल्या भागाने जे उघड केलं, ते आता झाकता येत नाही. पहिल्या भागात बाईला काही ठाऊक नसतं आणि आपल्यालाही. (नवऱ्याबद्दल जे कळतं ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी इथे सांगत नाही.) डोक्यावर गेलेल्या उसात दिशाच लागत नाही, आणि भीती वाटायला रात्र व्हावी लागत नाही. भर दिवसा, मोकळ्या आभाळाखाली कोंडून घातल्यासारखं वाटतं. ‘लपाछपी’ आणि ‘छोरी’ या दोन्ही सिनेमांची खरी कमाई ती.

‘छोरी 2’ हे सोडून जमिनीखाली उतरतो. साक्षीच्या मुलीला, ईशानीला, पळवून नेतात आणि शोध उसाखालच्या भुयारांत जातो. तिथे राहणाऱ्या पंथाची दासी माँ आहे, त्यांचा प्रधान आहे, त्यांच्या प्रथा आहेत, आणि प्रत्येकाचा खुलासा आहे. जितकं समजावून सांगतात तितकी भीती उतरत जाते. ईशानीला ऊन सोसत नाही, ही कल्पना मला फार आवडली होती. ऊनच वैरी, म्हणजे भयपटाला केवढं भांडवल! पण भुयारात ऊन कुठून येणार?

विषयाचंही तेच. पहिल्या गोष्टीतून मुलींची हत्या काढा, भुताला कारणच उरत नाही. सिक्वेलमध्ये बालविवाह आहे, पण तो संवादांतून ऐकू येतो, अंगावर येत नाही. सोहा अली खानची दासी माँ बघण्यासारखी आहे, हे मान्य. गश्मीर महाजनीच्या वाट्याला मात्र काळजी करणाऱ्या पोलिसापलीकडे फारसं काही येत नाही.

‘छोरी 2’ बघायचाच असेल तर आधी ‘छोरी’ बघा, कारण साक्षीवर मागे काय गुदरलं ते तो गृहीत धरतो. ‘लपाछपी’ पाहिलेल्यांना तेवढ्यावरही गोष्ट लागेल, फक्त नावं नवी लक्षात ठेवावी लागतील.