गांजा हराम, पण 'बंज'चं काय? एका शब्दाचा जुना घोळ

उरुसात दर्ग्याच्या मागं चिलमीला ओली साफी गुंडाळून बसलेले फकीर कोल्हापुरात बऱ्याच जणांनी बघितलेत, आणि त्यातूनच एक समज पक्का झालाय की इस्लाममध्ये दारू हराम पण गांजाला सूट. तसं काही नाही. पण समज हवेतनं पण आलेला नाही.

कुराणात खम्र म्हणजे दारू आहे, गांजाचं नाव नाही. हशीश म्हणजे गांजा-भांगेच्याच झाडाची नशा, ती अरब मुलखात जोरात पसरली १२ व्या-१३ व्या शतकात, तोवर चारही मजहब म्हणजे धर्मकायद्याचे पंथ (हनफी, मालिकी, शाफई, हंबली) बसलेले, मग जुन्या शब्दांत नवी वस्तू कोंबायची वेळ आली. इजिप्तमधले एक मालिकी विद्वान (निधन १२८५) म्हणाले, दारू 'मुस्किर' म्हणजे मस्ती चढवणारी, हशीश 'मुफ्सिद' म्हणजे अक्कल बिघडवणारी. हराम दोन्ही! पण दारूला ठरलेले फटके, हशीशला काझी ठरवेल ती शिक्षा, आणि हशीश खिशात असताना पढलेली नमाज बाद नाही. दमास्कसच्या एका हंबली विद्वानानं (निधन १३२८) हे साफ उडवून लावलं, नशा ती नशा, फटके तेवढेच. ती 'सूट' ह्या शिक्षेच्या फरकातनंच निघाली असावी असं मला वाटतं.

खरा गुंता 'बंज'चा. संस्कृत भंगा, फारसी बंग, अरबी बंज, पण अरबी वैद्यांच्या लेखी बंज म्हणजे बऱ्याचदा खुरासानी ओवा, वेगळंच विषारी झाड. जुने हनफी सांगतात की औषध म्हणून बंज घेतला, शुद्ध गेली आणि त्या भरात तलाक दिला तर तो लागू नाही. आता इथं भांग वाचायची की ओवा? आपल्याकडं देशावर बहुतेक हनफी आणि घाट उतरला की कोकणात शाफई, पण ह्या बाबतीत पुढं ह्या दोन्ही मजहबांच्या उलेमांनी एकच फतवा दिला की हशीशच्या नशेत दिलेला तलाक लागू, जरब बसावी म्हणून. जरब ओढणाऱ्याला, संसार मोडला बायकोचा, हे काय पटत नाही बघा. २०१९ च्या कायद्यानं एका दमातला तीन तलाक रद्द झाला, तेवढा तरी प्रश्न मिटला.

इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये आयोग नेमून भांग-गांजाची चौकशी केली आणि सरसकट बंदी नको असंच निघालं. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात मात्र शेंडा-फुलोरा तो गांजा, राळ ती चरस, आणि नुसती पानं व्याख्येच्या बाहेर, म्हणून भांग राज्यांच्या हातात राहिली. मुफ्तींना हे पान-फुलोरा काही मान्य नाही, नशेसाठी घेतलं की हराम, मग थंडाईत घाला नाहीतर चिलमीत. औषधाचं वेगळं, दुसरा इलाज नसेल आणि भरवशाच्या डॉक्टरनं सांगितलं तर आजचे बरेच मुफ्ती परवानगी देतात, तीपण गरजेपुरतीच.